आधी आले, तरी नकलाकार ठरले: गोबॉट्सची गोष्ट

पिवळी गाडी खडखडत उभी राहिली आणि तिचा यंत्रमानव झाला, की आपल्याकडची शाळकरी पोरंही लगेच नाव सांगतात: बंबलबी. ट्रान्सफॉर्मर्स हे नाव आता एका कंपनीच्या मालाचं राहिलेलं नाही. कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं कुठलंही रूप पालटणारं खेळणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्यामुळे चार दशकांपूर्वी याच जातीची आणखी एक टोळी अमेरिकेतल्या दुकानांत होती, ट्रान्सफॉर्मर्सच्या थोडी आधी पोचली होती आणि सुरुवातीला चांगली खपतही होती, हे सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. तिचं नाव गोबॉट्स. विकणारी कंपनी टोन्का. १९८३ संपून १९८४ लागता लागता ती बाजारात आली आणि १९८७ पर्यंत तिचा गाशा गुंडाळलाही गेला.

आज अमेरिकेत गोबॉट्सचं नाव निघतं ते बहुतेक चेष्टेतच. पोराने वाढदिवसाला ट्रान्सफॉर्मर मागितला आणि आजीने चुकून जे आणलं तो गोबॉट, अशी त्या विनोदाची ठरलेली चाल. आधी आलेला नकलाकार ठरला तो असा. पण मुळात नक्कल कोणी कोणाची केली, हे शोधायला गेलात तर हाती वेगळंच लागतं. दोन्ही टोळ्या अमेरिकन नव्हत्याच.

सहाशे येनची मोटारसायकल

पॉपी ही जपानच्या बांदाई या खेळण्यांच्या कंपनीची उपकंपनी. १९७४ मध्ये तिने ‘चोगोकिन’ नावाने धातूचे यंत्रमानव काढले. चोगोकिन म्हणजे अतिमिश्रधातू. नाव भारदस्त असलं तरी आतला मामला साधा होता: जस्ताचा मिश्रधातू वितळवायचा, दाबाने पोलादी साच्यात मारायचा, थंड झाला की बाहेर काढून रंगवायचा. आपल्या लहानपणीच्या धातूच्या छोट्या मोटारीही अशाच बनत. पोराला त्यात काय आवडतं, हे ज्याने ती मोटार फरशीवर टाकून आवाज ऐकलाय त्याला सांगायला नको. वजन असतं तिला. खिशात ठेवली की खिसा खाली ओढते.

१९८२ मध्ये पॉपीने याच तंत्रातून स्वस्तातली मालिका काढली, ‘मशीन रोबो’. धातू आणि प्लॅस्टिक मिळून बनवलेलं, मुठीत मावेल एवढं वाहन, चार-सहा हालचालींत उभं राहून यंत्रमानव व्हायचं. किंमत ६०० येन, म्हणून हिला सरळ ‘६०० मालिका’ म्हणत. पहिला नंबर बाईक रोबोचा. पुढचीही नावं त्याच वळणाची: वाहनाचं नाव आणि पुढे रोबो. गोष्ट नाही, स्वभाव नाही, घराणं नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढची सगळी थट्टा या ६०० येनमध्येच दडली आहे.

रूप पालटणारं खेळणं महाग होतं ते सांध्यांमुळे. एक सांधा वाढवायचा म्हणजे एक भाग वाढला, त्याचा साचा वाढला, एक खिळा वाढला आणि तो खिळा ठोकणाऱ्या कामगाराचा वेळ वाढला. सहाशे येनमध्ये बसवायचं तर हालचाली मोजक्याच ठेवाव्या लागतात. मग या मापाची गाडी हातात घेतली की कृती साधारण अशी असते: मागचा अर्धा भाग धरून ओढला की खट्ट करून पाय लांब होतात, दोन्ही बाजूंचे पत्रे उघडले की हात, एखादी झडप मागे टाकली की डोकं वर. झालं. पाच वर्षांच्या पोरालाही कागद न वाचता जमतं. पण जो यंत्रमानव उभा राहतो तो गाडीच उभी केल्यासारखा दिसतो. हात कोपरात वाकत नाहीत, चेहरा म्हणजे नखाएवढी पट्टी. हा आळशीपणा नव्हता. त्या किमतीत त्याहून चांगलं करता येणं कठीणच होतं, आणि माझ्या मते पॉपीच्या कारागिरांनी ते फार हुशारीने केलं होतं.

त्याच सुमाराला ताकारा ही दुसरी जपानी कंपनी वेगळ्या वाटेने चालली होती. १९८० पासून तिची ‘डायक्लोन’ नावाची मालिका होती. त्यातल्या गाड्या मोठ्या, सांधे जास्त, भाव जास्त. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या जिवंत नव्हत्या. आत चालकाच्या जागेवर बसवायला एक चिमुकला माणूस मिळे. यंत्रमानव म्हणजे माणसाने हाकायचं यंत्र. सगळ्या जगाला पाठ झालेला, पुढे ट्रान्सफॉर्मर्सचा नायक झालेला तो लाल-निळा ट्रक, ऑप्टिमस प्राइम, जपानमध्ये याच मालिकेत जन्मला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. त्याला ड्रायव्हर होता.

पत्र्याचे ट्रक विकणारे लोक

टोन्का ही मिनेसोटा राज्यातली कंपनी. १९४६ मध्ये माउंड नावाच्या गावात ‘माउंड मेटलक्राफ्ट’ म्हणून सुरू झाली. गावाजवळच्या मिनेटोन्का तलावावरून टोन्का हे नाव आलं. तिथल्या मूळ डकोटा लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ मोठा, थोर असा होतो. वाळूत खेळायचे पोलादी पत्र्याचे पिवळे डंपर ही तिची ओळख. टणक माल, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा. खेळण्याच्या धंद्यात हे जितकं कौतुकाचं तितकंच अडचणीचंही: बापाचा ट्रक पोराला पुरतो, मग नवा कोण घेणार? ऐंशीच्या दशकात टोन्काला ट्रकापलीकडचं काहीतरी हवं होतं.

मशीन रोबो अमेरिकेत आधी बांदाईने स्वतःच ‘मशीन मेन’ या नावाने विकून पाहिले होते. ते काही फारसं रुजलं नाही. टोन्काने मग परवाना घेतला. परवाना म्हणजे काय, तर दुकान भाड्याचं, पाटी आपली. साचे बांदाईचे, खेळण्याचा आकार बांदाईचा. टोन्काने त्यावर ‘गोबॉट्स’ हे नाव लावायचं, पाकीट छापायचं, जाहिरात करायची, विकायचं. युरोपात हीच खेळणी ‘रोबो मशीन’ नावाने गेली. वस्तू एक, पाट्या तीन-चार. ही भाड्याच्या दुकानाची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तीच कामाला येणार आहे.

टोन्काने पाट्या कशा रंगवल्या ते पाहण्यासारखं आहे. बाईक रोबो झाला साय-किल: उच्चारात सायकल, आणि पोटात ‘किल’ म्हणजे ठार मारणं. तो खलनायकांचा म्होरक्या. हेलिकॉप्टरचं नाव कॉप-टर. पाणबुडीचं डाइव्ह-डाइव्ह. आगीचा बंब पंपर, रुग्णवाहिका रेस्ट-क्यू, आगगाडीचं इंजिन लोको, डंपर तर डंपरच. रणगाड्याचं नाव टँक! आपल्याकडे नाटक लिहायला बसावं आणि पात्रांची नावं वकील, डॉक्टर आणि रिक्षा अशी ठेवावी, त्यातला प्रकार. चांगल्या बाजूचा नायक म्हणजे एफ-१५ जातीचं लढाऊ विमान. त्याचं नाव लीडर-१. नाव ठेवणाऱ्याला जेवायला जायची घाई असावी.

पाकिटावर स्वभाव म्हणून काय, तर हा मित्र यंत्रमानव, हा शत्रू यंत्रमानव. एवढ्यावर भागवलं होतं.

लाल काचेतून वाचायचा स्वभाव

हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने ताकाराशी करार करून डायक्लोन आणि ‘मायक्रो चेंज’ या दोन मालिकांमधली खेळणी उचलली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स नावाने बाजारात आणली. इथवर टोन्काने केलं तेच. फरक पुढच्या पावलात. दोन वर्षांपूर्वी हॅस्ब्रोने आपल्या जी. आय. जो या सैनिक बाहुल्यांसाठी मार्व्हल या कॉमिक्स कंपनीकडून गोष्ट लिहून घेतली होती आणि प्रत्येक सैनिकाच्या पाकिटावर त्याची कुंडली छापली होती. तोच डाव तिने पुन्हा टाकला.

मार्व्हलचे संपादक जिम शूटर यांनी दोन पक्षांच्या युद्धाचा आराखडा केला. ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ’नील यांनी सुचवलं. मग बॉब बुडियान्स्की यांच्याकडे काम गेलं आणि त्यांनी बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभावचित्रं लिहून काढली. खलनायक मेगाट्रॉनचं नाव त्यांचंच. खेळण्यात बसायचा चालक गेला. यंत्र स्वतःच बोलू लागलं, भिऊ लागलं, बढाया मारू लागलं.

खोक्याच्या मागे या पात्राची माहिती असे: ब्रीदवाक्य, स्वभाव, कमकुवत जागा. शेजारी ताकद, बुद्धी, वेग वगैरेंचा आलेख, पण तो लाल नक्षीच्या आड लपवलेला. खोक्यात लाल पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी मिळे. ती वर धरली की लाल नक्षी नाहीशी व्हायची आणि खालच्या रेघा दिसायच्या. युक्ती दमडीची. पण पोरगं आता खेळण्याची हेरगिरी करू लागलं. आपल्या गाडीची बुद्धी मित्राच्या विमानापेक्षा एका अंकाने कमी आहे, हे कळल्यावर जे भांडण होतं ते टोन्काच्या ‘मित्र यंत्रमानव’ या दोन शब्दांवरून कधीच होणार नाही.

म्हणून मला ‘ट्रान्सफॉर्मर्सचं खेळणं चांगलं होतं, म्हणून ते जिंकलं’ हे नेहमीचं उत्तर अपुरं वाटतं. मोठे ट्रान्सफॉर्मर देखणे होते, खरं आहे. पण लहान गाड्यांमध्ये तर दोघे तुल्यबळ होते. बंबलबीचं मूळ खेळणं म्हणजे मुठीतली पिवळी फोक्सवॅगन बीटल. गोबॉट्समध्येही एक बीटल होती, बग बाइट नावाची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर पस्तीसेक वर्षांनी एकीवर सिनेमा निघेल आणि दुसरीची आठवण फक्त संग्राहक काढतील, हे नुसतं प्लॅस्टिक बघून कोणाला सांगता आलं नसतं.

पासष्ट भागांचं गणित

आता टीव्हीकडे. अमेरिकेत खेळण्यावरून कार्टून काढायला पूर्वी सरकारी धाक होता. १९६९ मध्ये हॉट व्हील्स या मोटारींवर कार्टून आलं तेव्हा एका प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली की हा कार्यक्रम नाहीच, ही अर्ध्या तासाची जाहिरात आहे. दूरसंचार नियामकांनी ते बरंचसं मान्य केलं आणि कंपन्या बिचकल्या. रोनाल्ड रेगन यांच्या काळात मार्क फाउलर नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. टीव्ही म्हणजे घरातलं आणखी एक उपकरण, चित्रं दाखवणारा टोस्टर, असं त्यांचं मत. १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं उठली. हा बांध फुटला आणि खेळण्यांवरच्या कार्टूनचा पूर आला.

या कार्टूनांचा एक आकडा सारखा भेटतो: ६५ भाग. त्यात कलेचा काही संबंध नाही. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, म्हणजे पासष्ट. वर्षाच्या चौथाई भागात रोज नवा भाग, मग पुन्हा पहिल्यापासून. स्थानिक वाहिन्यांना रोज दुपारी शाळा सुटल्यावर लावायला असं तयार गाठोडं हवं असे. गोबॉट्सचं कार्टूनही बरोबर पासष्ट भागांचं. बनवलं हॅना-बार्बेरा स्टुडिओने, म्हणजे ‘स्कूबी-डू’ आणि ‘फ्लिंटस्टोन्स’वाल्यांनी. ट्रान्सफॉर्मर्सचे पहिले भाग १९८४ च्या सप्टेंबरात दिसले, गोबॉट्सचे ऑक्टोबरच्या अखेरीस. दुकानात आधी पोचलेले पडद्यावर महिनाभर उशिरा आले. ज्या पोराने आधी मेगाट्रॉन पाहिला, त्याच्या लेखी साय-किल मागून आलेला.

गंमत म्हणजे मेगाट्रॉनला आवाज देणारे फ्रँक वेल्कर गोबॉट्समध्येही होते. तिथे ते स्कूटर नावाच्या, सारखा घाबरणाऱ्या छोट्या गोबॉटचा आवाज काढत. तोच गळा इकडे जगाला धमकावतोय आणि तिकडे पळून जाऊया म्हणतोय.

आणि तरीही गोबॉट्सच्या कार्टूनात एक कल्पना अशी होती की तिच्यावर चांगला लेखक बसला असता तर सोनं झालं असतं. गोबॉट्रॉन ग्रहावरचे हे यंत्रमानव मुळात यंत्रं नव्हतेच. ते माणसांसारखेच सजीव होते. त्यांच्या जगावर संकट आलं तेव्हा एका शास्त्रज्ञाने, मालिकेत त्याला ‘शेवटचा अभियंता’ म्हणतात, त्यांचे मेंदू काढून यंत्राच्या देहात बसवले. म्हणजे तो डंपर, तो बंब, ती मोटारसायकल, यांच्या आत प्रत्येकी एक जीव आहे ज्याला एकेकाळी हातपाय होते. केवढी भयंकर आणि केवढी करुण गोष्ट! मालिकेने ती सांगितली आणि लगेच पाठलागाकडे वळली. हॅना-बार्बेराचा हात विनोदावर आणि साच्यातल्या गोष्टींवर बसलेला. भाग सुरू होतो, साय-किलचा कट, लीडर-१ची धाव, कट फसला, सगळे हसले. मी हे भाग सलग पाहायचा प्रयत्न केला आहे. चौथ्यानंतर कोणता भाग कोणता हे सांगता येईना.

दगडाचा दगड

१९८५ पर्यंत टोन्काने हात आखडला नव्हता. मोठ्या आकाराचे सुपर गोबॉट्स आले, सहा गाड्या जोडून एक राक्षस करायचा ‘पझलर’ आला. मग १९८६ मध्ये आले रॉक लॉर्ड्स.

रॉक लॉर्ड्स म्हणजे यंत्रमानव, जो पालटून दगड होतो. हो, दगड. जपानमध्ये मशीन रोबोच्याच मालिकेत हे निघाले होते. टोन्काने उचलले आणि ‘ताकदवान जिवंत दगड’ अशा थाटात विकायला काढले. विचार केला तर रूप पालटण्याची मौज दोन्ही टोकांना असावी लागते. गाडी असताना तिच्याशी गाडी म्हणून खेळता येतं, जमिनीवर पळवता येतं. दगड असताना पोराने काय करायचं? अंगणात खरे पडलेले असतात, तेही फुकट. तरी एवढं म्हणतो की लपून बसणारा योद्धा म्हणून पाहिलं तर कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती, आणि त्या दगडांचं ओबडधोबड रंगकाम आज बघायला मजा येते.

या दगडांची जाहिरात म्हणून मार्च १९८६ मध्ये सिनेमा आला: ‘गोबॉट्स: बॅटल ऑफ द रॉक लॉर्ड्स’. आवाजांसाठी मार्गो किडर, टेली सवालस, रॉडी मॅकडॉवल अशी नामवंत मंडळी. ट्रान्सफॉर्मर्सचा सिनेमा ऑगस्टमध्ये यायचा होता. या वेळी टोन्काने पहिला नंबर मारला. उपयोग झाला नाही. सिनेमा आपटला. खरं तर ट्रान्सफॉर्मर्सचाही तिकीटबारीवर चालला नाही. पण त्यात ऑप्टिमस प्राइम मेला. नव्या वर्षाची नवी खेळणी विकायची म्हणून हॅस्ब्रोने जुन्या पात्रांना थंडपणे उडवलं आणि थिएटरात पोरं रडली, इतकी की पुढे कार्टूनमध्ये त्याला परत जिवंत करावं लागलं. एका ट्रकसाठी पोरं रडतात, हे हॅस्ब्रोलाही तेव्हाच कळलं असावं. लीडर-१ मेला असता तर कोणी पॉपकॉर्न खायचं थांबवलं नसतं.

त्यानंतर फार काही उरलं नव्हतं. फळ्यांवरची जागा ट्रान्सफॉर्मर्सने घेतली, उरलेले गोबॉट्स कमी भावात निघाले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मालिका थांबली. जपानमध्ये मात्र उलटीच गंमत: तिथे १९८६ मध्ये मशीन रोबोवर स्वतंत्र टीव्ही मालिका आली. ज्यांनी खेळणं घडवलं त्यांना गोष्ट सुचायला चार वर्षं लागली.

नाव एकाकडे, देह दुसऱ्याकडे

टोन्काने १९८७ मध्ये केनर पार्कर ही आपल्याहून मोठी खेळण्यांची कंपनी विकत घेतली. त्यासाठी काढलेल्या कर्जाखाली ती दबली आणि १९९१ मध्ये तिलाच विकत घेणारा आला. कोण? हॅस्ब्रो. अशा रीतीने गोबॉट्स ट्रान्सफॉर्मर्सच्या घरात आले, पण पूर्ण नाही. भाड्याच्या दुकानाची गोष्ट आठवा. हॅस्ब्रोला पाटी मिळाली: गोबॉट्स हे नाव, साय-किल, लीडर-१, कार्टूनातली पात्रं. साचे आणि खेळण्यांचे आकार बांदाईकडेच राहिले, कारण ते टोन्काचे कधीच नव्हते.

अशी गाठ हॅस्ब्रोला नवी नव्हती. १९८५ मध्ये तिने जेटफायर नावाचं एक सुंदर विमान ट्रान्सफॉर्मर म्हणून विकलं होतं, त्याचा साचा ताकाराचा नसून ताकातोकू या तिसऱ्याच जपानी कंपनीचा होता. पुढे तो साचा बांदाईकडे, म्हणजे ताकाराच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला. कार्टूनात त्या विमानाचा चेहरामोहरा बदलून टाकावा लागला, नावही स्कायफायर केलं.

गोबॉट्सबाबतीत हॅस्ब्रो अधूनमधून पाटी झटकते. नव्वदच्या दशकात ट्रान्सफॉर्मर्सच्याच छोट्या मोटारींना तिने ‘गो-बॉट्स’ म्हटलं. नंतर अगदी तान्ह्या पोरांसाठीच्या जाडजूड खेळण्यांना तेच नाव दिलं. साय-किलच्या टोळीतली क्रॅशर ही शर्यतीची गाडी बरीच वर्षं जुन्या चाहत्यांची लाडकी. २००८ च्या सुमारास ट्रान्सफॉर्मर्समध्ये तिच्या रंगांची एक गाडी आली, नाव मात्र फ्रॅक्चर. २०१८ मध्ये टॉम शिओली यांनी गोबॉट्सवर पाच अंकांचं एक कॉमिक केलं.

आणि दुसऱ्या बाजूला, अलीकडच्या काळात हाँगकाँगच्या अ‍ॅक्शन टॉईज या कंपनीने जुने मशीन रोबो नव्याने, अधिक सांध्यांसह काढले. पहिला नंबर अर्थात त्या मोटारसायकलचा. कोपर वाकतं, गुडघा वाकतो, धातूचं वजन आहे. चाळिशी ओलांडलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकाने खोकं हातात घेतलं की तो साय-किलच म्हणणार. खोक्यावर मात्र लिहिलेलं असतं बाईक रोबो, कारण दुसरं नाव छापायची परवानगी हॅस्ब्रोकडे आहे.